मागणीवरून लिहिलेले गाणे टिकते का? पॅरामाउंटच्या दोन पगारी गीतकारांचा दाखला

एका तरुण कवीने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. मालिका तयार करणाऱ्या एका संस्थेने त्याला दरमहा ठरावीक मानधनावर गाणी लिहिण्याचे काम देऊ केले आहे. हॉलिवूडमध्ये १९४० आणि १९५० च्या दशकांत अनेक गीतकार स्टुडिओचे पगारी नोकर होते, असे त्याच्या वाचनात आले आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या प्रसंगावर, दुसऱ्याने घालून दिलेल्या मुदतीत लिहूनही त्यांची गाणी सत्तर-सत्तर वर्षे कशी टिकली, आणि असे लिहिताना कवितेचा जीव जात नाही का, असे त्याला विचारायचे आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षे चित्रपट, नाटक आणि मालिकांसाठी गाणी लिहीत आलो आहे आणि त्यातली बहुतेक सगळी कोणीतरी मागितली म्हणून लिहिली आहेत. माझ्या अनुभवातून सांगतो की, मागणीमुळे गाणे मरत नाही. मागणी धूसर असली तर मात्र ते जन्मतःच अशक्त निघते. हॉलिवूडच्या त्या गीतकारांची उत्तम गाणी पाहिली की प्रत्येक गाण्यामागे एक नेमकी, अरुंद आणि बहुधा अडचणीची मागणी होती असे दिसते, आणि त्या अडचणीतूनच गाण्याला त्याचा आकार मिळाला होता. याचा सर्वांत स्वच्छ दाखला म्हणून जे लिव्हिंगस्टन आणि रे इव्हान्स या जोडीकडे पाहता येईल.

दोघांचाही जन्म १९१५ चा. लिव्हिंगस्टन पेन्सिल्व्हेनियाचे, इव्हान्स न्यूयॉर्क राज्यातले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांची गाठ पडली, तिथे त्यांनी नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदात एकत्र वाजवले आणि सुट्ट्यांमध्ये प्रवासी जहाजांवरही कार्यक्रम केले. न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे धडपडून ते हॉलिवूडला गेले आणि १९४५ पासून पुढची सुमारे दहा वर्षे पॅरामाउंट स्टुडिओच्या पगारपत्रकावर राहिले. संगीत मुख्यतः लिव्हिंगस्टन यांचे आणि शब्द मुख्यतः इव्हान्स यांचे, पण लिव्हिंगस्टन शब्दांतही बरोबरीने वाटा उचलत. कामाची रीत आपल्या सिटिंगपेक्षा, म्हणजे दिग्दर्शकासोबत गाण्यासाठी होणाऱ्या बैठकीपेक्षा, फार निराळी नव्हती. पटकथेचा संबंधित भाग हातात येई, दिग्दर्शक किंवा निर्माता सिचुएशन सांगे, आणि गाणे तयार झाले की लिव्हिंगस्टन स्वतः पियानोवर बसून ते गाऊन दाखवत. पसंती मिळाली की ते संगीत विभागाकडे जाई. वाद्यमेळ बांधणारे, पार्श्वसंगीत देणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे लोक वेगळे असत. चित्रपटांच्या आचारसंहितेचे पालन पाहणाऱ्या कार्यालयाकडे गाण्यांचे शब्दही मंजुरीसाठी पाठवावे लागत. म्हणजे गीतकाराच्या खांद्यावरून किती जण डोकावत होते, याची कल्पना यावी.

मागण्याही नाना प्रकारच्या असत, आणि सर्वांत कोरडी मागणी त्यांच्या वाट्याला सुरुवातीलाच आली. १९४६ मध्ये ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांचा ‘टू ईच हिज ओन’ हा चित्रपट प्रदर्शित होणार होता आणि स्टुडिओला त्याच नावाचे गाणे हवे होते. ते चित्रपटात वाजणार नव्हते. रेडिओवर ते वाजले की चित्रपटाचे नाव लोकांच्या तोंडी बसेल, एवढाच हेतू होता. नावही असे की, इंग्रजीत त्यावर प्रेमगीत रचायचे म्हणजे ‘ज्याचे त्याचे’ या शब्दांवर मराठीत प्रेमगीत रचण्यासारखे होते. ‘ज्याला त्याला आपले माणूस’ असा अर्थ त्यातून काढून या जोडीने ते नाव ओळीच्या अशा जागी ठेवले की, गाण्याचा सगळा ओघ त्याच्याकडे वाहत यावा. त्या वर्षी या एका गाण्याच्या पाच वेगवेगळ्या गायकांनी आणि वाद्यवृंदांनी केलेल्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेतल्या पहिल्या दहांच्या यादीत पोहोचल्या. चित्रपटात नसलेल्या गाण्याने चित्रपटाचे नाव घराघरांत नेले आणि स्टुडिओतल्या या दोन नव्या माणसांचे पाय तिथे रोवले गेले.

पुढे ‘बटन्स अँड बोज’ हे गाणे १९४८ च्या ‘द पेलफेस’ या बॉब होप यांच्या विनोदी चित्रपटासाठी आले आणि त्याला ऑस्कर मिळाले. भित्रा दंतवैद्य पश्चिमेकडच्या रानटी मुलखात अडकलेला आहे आणि त्याला शहराची ओढ लागली आहे, असा प्रसंग होता. म्हणून गाण्यात शहरी कपडे, बटणे आणि फिती आल्या. इथे एक धंद्याची बाब नोंदवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. डायना शोर यांनी हे गाणे त्याआधीच मुद्रित करून ठेवले होते, त्यामुळे चित्रपट वर्षअखेर झळकण्यापूर्वीच त्यांची ध्वनिमुद्रिका देशभर पोहोचली. त्या काळी गाणे लिहिणाऱ्याला पडद्याइतकाच तबकडीचा आणि छापील स्वरलेखनाचा विचार करावा लागे, कारण चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत चित्रपटगृहातून उतरला तरी तबकडी घरात राहत असे.

‘मोना लिसा’ची मागणी आणखी अरुंद होती. १९५० च्या ‘कॅप्टन केरी, यू. एस. ए.’ या चित्रपटात महायुद्धातली इटली आहे. रस्त्यावर अकॉर्डियन वाजवणारा एक गायक एक ठरावीक गाणे म्हणतो आणि त्यातून गुप्तपणे लढणाऱ्यांना जर्मन सैनिक जवळ आल्याचा इशारा मिळतो. म्हणजे गाणे इटलीतल्या गल्लीत ऐकू येईल इतके साधे आणि तिथले वाटेल असे हवे, शत्रूला संशय येऊ नये इतके निरुपद्रवी हवे, आणि प्रेक्षकाने एकदा ऐकल्यावर दुसऱ्यांदा दोन स्वरांत ओळखावे इतके ठसठशीतही हवे. चित्रपटात ते इटालियनमध्ये आणि तुकड्यातुकड्यांनीच येते. सबंध इंग्रजी गाणे तिथे ऐकायलाच मिळत नाही. तरीही त्या जोडीने इंग्रजी शब्द मन लावून लिहिले आणि नॅट किंग कोल यांनी ते गावे म्हणून त्यांच्याकडे पाठपुरावा केला. कोल आधी फारसे राजी नव्हते. नेल्सन रिडल यांनी केलेल्या संयोजनासह ती ध्वनिमुद्रिका निघाली, त्या उन्हाळ्यात ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि गाण्याला ऑस्करही मिळाले. आज तो चित्रपट पाहिलेली माणसे शोधावी लागतात, पण गाणे कोणालाही विचारा. आपल्या प्रश्नकर्त्याने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रसंगाला इशाऱ्याचा सूर हवा होता आणि गीतकारांनी इशाऱ्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. त्यांनी एका गूढ हसणाऱ्या स्त्रीविषयी लिहिले. प्रसंगाची गरज त्यांनी चालीच्या साधेपणाने भागवली आणि शब्दांना स्वतःचे स्वतंत्र आयुष्य दिले. मागणी पुरी करणे आणि मागणीचेच वर्णन करत बसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या गीतकाराची पहिली चूक बहुधा इथेच होते. आई रडते आहे असा प्रसंग मिळाला की तो ‘आई रडते’ असे लिहून मोकळा होतो, आणि मग पडद्यावर जे दिसते आहे तेच प्रेक्षकाला कानांनीही ऐकावे लागते.

‘सिल्व्हर बेल्स’विषयी थोडे लिहितो, कारण त्यात एका शब्दाची गोष्ट आहे. ‘द लेमन ड्रॉप किड’ या चित्रपटात न्यूयॉर्कच्या नाक्यांवर सांताक्लॉजचा वेष करून घंटा वाजवत पैसे गोळा करणारी माणसे आहेत, म्हणून स्टुडिओला नाताळचे गाणे हवे होते. नाताळच्या गाण्यांचा आधीच सुकाळ झाला आहे, आता आणखी कोणाला लागणार, असे या दोघांना वाटत होते. त्यांच्या टेबलावर एक छोटी घंटा होती आणि तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली. त्यांनी गाण्याला ‘टिंकल बेल’ असे नाव दिले आणि घरी जाऊन लिव्हिंगस्टन यांनी ते पत्नीला सांगितले. तेव्हा तिने लक्षात आणून दिले की, घरोघरी लहान मुलांच्या लघवीला हाच शब्द वापरतात. दोन गीतकार त्या शब्दावर बसले होते आणि त्यांना तो अर्थ ऐकूच आला नव्हता, कारण त्यांचे कान चालीत गुंतले होते. शब्द बदलला आणि गाणे वाचले. मला हे वाचताना माझेच एक गाणे आठवते. पहाटेच्या एका गीतात मी ‘दिवाकर’ हा शब्द योजला होता. कागदावर आणि मनात तो निर्दोष होता, पण चालीत श्वासाची जागा नेमकी ‘दिवा’नंतर आली आणि ध्वनिमुद्रणात गायिकेच्या तोंडून ‘दिवा कर’ असे स्पष्ट ऐकू आले. ती ओळ स्टुडिओतच उभ्या उभ्या बदलावी लागली. तेव्हापासून गाणे पूर्ण झाले की ते संगीताशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला चालीसकट ऐकवल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.

‘सिल्व्हर बेल्स’ची आणखी एक खुबी अशी की, त्याचे कडवे आणि ध्रुवपद एकाच स्वरसंगतीच्या पायावर उभे आहेत, त्यामुळे दोघे गायक दोन वेगळ्या ओळी एकाच वेळी गाऊ शकतात आणि त्या एकमेकींत मिसळून जातात. त्या काळी नाताळची गाणी गावाकडच्या बर्फात आणि चुलीजवळ रमत. हे गाणे शहरातल्या फूटपाथवर, सिग्नलजवळ आणि दुकानांच्या गर्दीत उभे राहिले. चित्रपट शहरातला होता म्हणून गाणे शहरातले झाले, आणि नाताळच्या इतर गाण्यांपासून त्याला वेगळे काढले ते याच गोष्टीने. बिंग क्रॉस्बी आणि कॅरल रिचर्ड्स यांची ध्वनिमुद्रिका १९५० मध्ये चित्रपटाच्या आधीच गाजली, तेव्हा स्टुडिओने ते दृश्य अधिक थाटात पुन्हा चित्रित करवून घेतले.

आता त्या गाण्याकडे येतो, जे आपल्याकडे इंग्रजी शाळांतून शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. ‘के सेरा सेरा’ हे शब्द ए. आर. रहमान यांनी ‘पुकार’ या २००० सालच्या हिंदी चित्रपटातही वापरले. मूळ गाणे आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५६ च्या ‘द मॅन हू न्यू टू मच’ या चित्रपटातले. शब्दांचे बीज लिव्हिंगस्टन यांना १९५४ च्या ‘द बेअरफुट कंटेसा’ या चित्रपटात सापडले होते. तिथे एका इटालियन घराण्याच्या वाड्यावर ‘जे व्हायचे ते होईल’ अशा अर्थाचे कुलवचन कोरलेले दिसते. त्यांनी ते टिपून ठेवले आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या मोठी म्हणून त्याला स्पॅनिश रूप दिले. स्पॅनिश व्याकरणात ते चपखल बसत नाही, पण गायला उत्तम आहे: ‘सेरा सेरा’ या पुनरुक्तीत स्वर शेवटी उघडा राहतो, आणि उघड्या ‘आ’वर गायकाला हवा तेवढा वेळ थांबता येते. मराठीत लिहिणाऱ्यानेही ओळीच्या शेवटी उघडा स्वर मिळतो का हे पाहावे. ‘क्षितिज’ हा शब्द कितीही सुंदर असला तरी लांब सुरावर तो गळ्यात अडकतो.

हिचकॉक यांनी त्या दोघांना सांगितलेली मागणी पाहा. कसले गाणे हवे ते मला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. पण नायिका पूर्वीची नामवंत गायिका आहे, ती आपल्या लहान मुलाला गाणे म्हणून दाखवते आणि पुढे तेच गाणे कथेत कामाला येते, हे त्यांनी स्पष्ट केले. गाण्याचा प्रकार त्यांनी सांगितला नाही, पण कोण गाते, कोणासाठी गाते आणि त्यातून काय घडायला हवे, हे सगळे सांगितले. मी याला उत्तम मागणी म्हणतो. गीतकारांनी ते गाणे ऐकवल्यावर हिचकॉक म्हणाले की, मला हवे होते ते हेच.

चित्रपटात ते दोनदा येते. पहिल्यांदा माराकेशच्या हॉटेलातल्या खोलीत, संध्याकाळच्या तयारीच्या गडबडीत आई आणि मुलगा मिळून ते गातात. गाणे तेव्हा घरातल्या सवयीसारखे वाटते, आणि ते तसेच वाटायला हवे होते. दुसऱ्यांदा ते लंडनमधल्या एका परदेशी वकिलातीत येते. मुलाला पळवून त्याच इमारतीत वर कोंडून ठेवले आहे. आई खाली पाहुण्यांसमोर पियानोवर बसते आणि मेजवानीच्या दिवाणखान्याला न शोभेल इतक्या मोठ्या आवाजात गाऊ लागते. पाहुणे एकमेकांकडे पाहतात. मग हिचकॉक कॅमेऱ्याला जिन्यावरून वर नेतात, एकामागून एक रिकामे कठडे दिसतात आणि आवाज क्षीण होत जातो. अखेरीस तो बंद दाराआड मुलाच्या कानी पडतो आणि मुलगा शीळ वाजवून उत्तर देतो.

गीतकाराच्या नजरेने हे दृश्य उलगडले की गाण्याने सोडवलेल्या अडचणी मोजता येतात. चाल लहान मुलाला शीळ घालून वाजवता आली पाहिजे, म्हणून तिच्यात मोठ्या उड्या किंवा अवघड हरकती चालणार नाहीत. दोन मजल्यांवरून शब्द कळणार नाहीत, म्हणून नुसत्या ठेक्यावरून आणि स्वरांच्या चढउतारावरून गाणे ओळखू आले पाहिजे. तीन मात्रांचा झुलता ठेका आणि प्रत्येक कडव्यानंतर जसेच्या तसे परतणारे ध्रुवपद यांनी ते काम केले. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांचा रूढ साचा बत्तीस बारचा, म्हणजे ठेक्याच्या बत्तीस आवर्तनांचा, होता: आठ बारांची एक चाल दोनदा, मग वेगळ्या चालीचा मधला तुकडा आणि शेवटी पुन्हा पहिली चाल. इथे त्यांनी तो साचा घेतला नाही आणि तीन कडव्यांचे, गोष्टीसारखे पुढे सरकणारे गाणे रचले. पहिल्या कडव्यात लहान मुलगी आईला विचारते, दुसऱ्यात तीच मोठी होऊन प्रियकराला विचारते आणि तिसऱ्यात तिची मुले तिला विचारतात; उत्तर तिन्ही वेळा एकच मिळते. मुलाला झोपवताना म्हणायच्या गाण्याला हीच रचना योग्य, कारण लहान मूल गोष्टीचा पुढचा टप्पा ऐकायला थांबते आणि ओळखीची ओळ आली की स्वतः म्हणू लागते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र वेगळेच आहे. गाणे म्हणते, जे व्हायचे ते होईल, पुढचे आपल्याला दिसत नाही. आणि ते गाणारी स्त्री त्या क्षणी जे होईल ते मुकाट्याने स्वीकारायला जराही तयार नाही. आपल्या लेकराला सोडवण्यासाठी ती ते शब्द हत्यारासारखे वापरते आहे. शब्द एका दिशेला आणि गाणाऱ्याचे मन दुसऱ्या दिशेला ओढते, म्हणून तो प्रसंग अंगावर येतो. ‘माझ्या बाळा, तू कुठे आहेस’ असे गाणे तिथे लिहिले असते तर वकिलातीतल्या पाहुण्यांना सगळे कळले असते आणि प्रेक्षकाला काहीच वाटले नसते. हे गाणे फार बालिश आहे असे नायिकेची भूमिका करणाऱ्या गायिका-अभिनेत्री डोरिस डे यांना आरंभी वाटले होते. १९५६ चे ऑस्कर त्यालाच मिळाले, आणि पुढे त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीतही तेच झाले.

योगायोग असा की, ज्या १९५५ साली या चित्रपटाचे काम चालू होते, त्याच वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. गदिमांनी आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. तिथेही मागणी ठरलेली होती, कथा आधीच सर्वांना ठाऊक होती आणि प्रसारणाची वेळ कोणासाठी थांबत नव्हती. या दोन कामांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, त्यांची जात वेगळी आहे. पण आठवड्याच्या मुदतीने कवितेचा जीव जातो असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने त्या छप्पन्न आठवड्यांचा विचार अवश्य करावा.

राहिला पैशाचा प्रश्न. पगारी गीतकाराने लिहिलेल्या गाण्याची मालकी अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने स्टुडिओकडे जाई, आणि पॅरामाउंटची स्वतःची संगीत प्रकाशन संस्थाही होती. तरीही गाणे जाहीरपणे वाजले की ॲस्कॅप या गीतकार आणि प्रकाशकांच्या १९१४ साली स्थापन झालेल्या संस्थेमार्फत गीतकाराचा वाटा गीतकाराला स्वतंत्रपणे मिळत असे. पगार त्या आठवड्याचा होता आणि वाटा आयुष्यभराचा. लिव्हिंगस्टन २००१ मध्ये आणि इव्हान्स २००७ मध्ये वारले, तोपर्यंत त्यांची गाणी दर नाताळात आणि दर रेडिओ केंद्रावर कमावत होती. आपल्याकडे ही व्यवस्था कायद्याने पक्की व्हायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता इतर वापरांच्या स्वामित्वधनातला गीतकाराचा समान वाटा त्याला निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. करारात ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे मोघम वाक्य असेल तर सहीपूर्वी जाणकार वकिलाला दाखवावे आणि गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घेऊन आपले प्रत्येक गाणे तिथे नोंदवावे. मी हे फार उशिरा केले. तोवर एका निर्मात्याने माझी चार शीर्षकगीते एकरकमी मानधनावर घेऊन टाकली होती.

काम घ्यावे असेच माझे मत आहे. पहिल्या सिटिंगला तुम्हाला बहुधा सांगतील की, काहीतरी छान, सगळ्यांना आवडेल असे लिहा. तेवढ्यावर घरी येऊ नका. गाणे कोण गाते आहे, कोणाला ऐकू जावे म्हणून गाते आहे, खोलीत आणखी कोण आहे, गाणाऱ्याने काय लपवले आहे आणि गाणे संपल्यावर पुढच्याच दृश्यात काय होणार आहे, हे तिथेच बसून विचारा. दिग्दर्शकाला उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून ते शोधा, आणि मिळेल ते वहीत लिहून घ्या. चाल आधी मिळाली तर ती डमी बोलांसकट, म्हणजे चालीत तात्पुरत्या भरलेल्या शब्दांसकट, मोबाइलवर मुद्रित करून घ्या आणि शब्द लिहायला बसण्यापूर्वी श्वासाच्या जागांवर खुणा करा.